जिवंत माणसाची झडप

थांबा थोडं.

आमच्या रस्त्याकडेच्या बहुतेक थडग्यांवर पहिला शब्द हाच असतो. 'थांब, वाटसरू.' तीस वर्षं मी तो दगडात कोरतोय. कोणी थांबतं, कोणी गाढव हाकत पुढे जातं. मेलेल्यांना त्याचं वाईट वाटतं की नाही, मला माहीत नाही. पण आज तुम्ही थांबा.

कारण मी सांगतोय ते खरं आहे.

मी भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा माणूस नाही. थडगी घडवणारा माणूस भुतांना भ्यायला लागला तर त्याने मेंढरं राखावीत, असं मीच चारचौघांत म्हणायचो. दगड आवाज करतो, हेही मला ठाऊक आहे. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी निवताना तडकतो. आत चीर गेलेला दगड हातोडीखाली बद्द वाजतो. असले सगळे आवाज मी ओळखतो.

तो आवाज यातला नव्हता.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे. सावली पायाखाली येते, बैलसुद्धा झाडाखाली जाऊन बसतात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं, त्या वेळची.

माझं नाव मैरोस. आमचं गाव संगमरवराच्या खाणींच्या पायथ्याशी आहे, कोतियायोन शहरापासून बैलगाडीने एका दिवसावर. पूर्वेकडे लढायला गेलेलं सैन्य तापाची साथ घेऊन परतलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हे घडलं. जवाची मळणी चालू होती. त्या वर्षी गावात मळणीला माणसं कमी होती आणि माझ्याकडे काम जास्त होतं.

माझी मोठी बहीण तातिया. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती, मी नऊचा. तिनेच मला वाढवलं. माझ्या पहिल्या छिन्नीला मूठ तिने बसवून दिली होती. पुढे तिचं लग्न झोतिकोसशी झालं. आमचे दाजी. त्यांचा द्राक्षांचा मळा होता, बैलांच्या दोन जोड्या होत्या. त्यांना अम्मिया नावाची मुलगी झाली.

दाजी वाईट नव्हते. पण बायको नजरेआड झालेली त्यांना चालायची नाही. घराची किल्ली कायम ताईच्या कमरेला असायची. दाजींनी स्वतःजवळ कधी किल्ली ठेवलीच नाही. मळ्यातून आले की काठीने दार ठोकायचे.

एकदा. मग थांबून दोनदा.

ठक... ठक ठक.

दार ताईनेच उघडायचं. मी उघडलं तर तोंड पाडून उंबऱ्यावर बसून राहायचे. माझ्याबरोबर काम करणारे ग्लिकोनकाका त्यांची फार चेष्टा करायचे. म्हणायचे, हा माणूस मेला तरी तातिया उघडायला येईपर्यंत थडग्याच्या दाराशी उभा राहील.

आम्ही सगळे हसायचो. ताईसुद्धा हसायची.

मग दाजींना ताप आला.

तिसऱ्या दिवशी त्यांना डोळे उघडवेनात. मी उशाशी होतो. त्यांचं बोट खाटेच्या लाकडावर आपटायला लागलं. एकदा. मग दोनदा.

"मी इथेच आहे," ताई म्हणाली.

"माझ्याकडे किल्ली नाही," दाजी म्हणाले.

"मी आहे ना. मी उघडते."

मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? तुम्हीही हेच म्हणाला असता. त्यानंतर ते बोलले नाहीत.

त्यांना पुरलं त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी तीन वर्षांच्या अम्मियाचा हात माझ्या हातात दिला. बाप गेला की मुलीचा पालक मामा, ही आमच्याकडची रीत. त्यांनी विचारलं, ही आता कोणाच्या घरची? मी सगळ्यांसमोर म्हणालो, माझ्या घरची. माझी बायको आफिया हिने तिला कडेवर घेतलं. आम्हाला मूल नाही. रीत पुरी झाल्यावर अम्मिया आपल्या आईबरोबर आपल्या घरी गेली आणि मीही ती गोष्ट विसरून गेलो.

विसरायला नको होती.

आमच्या भागात थडग्याचा दगड म्हणजे दार असतं. पुरुषभर उंचीचं, बंद, कडीकुलपासकट दगडात कोरलेलं. नवराबायकोचं असेल तर दोन झडपांचं. नवऱ्याच्या झडपेवर चाबूक, कोयता, बैल. बायकोच्या झडपेवर फणी, आरसा, लोकरीची टोपली. एकटा कोणी गेला तरी मागे राहिलेलं माणूस स्वतःचं नाव त्याच दगडावर घालून ठेवतं आणि नावापुढे 'जिवंतपणी' असं लिहून घेतं. त्यात अशुभ काही नाही. आपलं घर आपण बांधून ठेवावं, तसंच ते.

फक्त एक गोष्ट आम्ही कारागीर पाळतो.

जिवंत माणसाच्या झडपेला किल्लीचं भोक पाडायचं नाही. कुलपाची पट्टी कोरायची आणि सोडून द्यायची. माणूस गेलं की अंत्ययात्रेच्या दिवशी जाऊन भोक पाडायचं. माझ्या आज्याने बापाला हे शिकवलं, बापाने मला. का, ते कोणी विचारलं नाही.

दाजींच्या दगडावर मी आधी अक्षरं कोरली. 'तातियाने आपला नवरा झोतिकोस याच्या आठवणीसाठी आणि जिवंतपणी स्वतःसाठी हे दार उभारलं.' हे ग्रीकमध्ये. खाली शाप, तो आमच्या जुन्या बोलीत, कारण जुन्या देवांना तीच कळते. जो या दारावर वाईट हात टाकील, त्याच्या घरी अनाथ लेकरू राहो आणि ओसाड घर राहो.

हा शाप मी शेकड्याने कोरलाय. हात आपोआप चालतो.

अक्षरं झाली की ती मोठ्याने वाचायची असतात. दगडाला स्वतःचा आवाज नसतो, वाचणारा त्याला आपला देतो. ग्लिकोनकाकांनी वाचलं, मी दगडाच्या पायाशी वाईन ओतली. एवढं झालं की दगड मेलेल्याचा झाला. मग तो फेकता येत नाही, बदलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भोकाचं तेवढं काम राहिलं होतं.

दुपारी ताई आमच्यासाठी भाकरी, चीज आणि कांदे घेऊन आली. अम्मिया तिच्या बोटाला धरून. ताई दगडासमोर बसली आणि आपल्या झडपेवरची फणी बघून म्हणाली, "ही तरी जपून ठेव. खरी फणी तुझ्या भाचीने कालच मोडली."

कितीतरी दिवसांनी ती थोडी हसली. मला बरं वाटलं. मी दोरीवर फिरणारं गिरमिट घेऊन दाजींच्या झडपेला भोक पाडायला बसलो. ती बोलत राहिली. मळा स्वतः सांभाळणार म्हणाली. वेलींची छाटणी शिकून घेणार म्हणाली. गावातल्या बायका दुसऱ्या लग्नाचं सुचवायला लागल्या होत्या, त्यांना तिने चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"अम्मियाचं लग्न मी माझ्या हातांनी लावून देणार," ती म्हणाली. "तोवर माझी झडप बंद ठेव, मैरो."

मी हो म्हणालो.

हो म्हणताना माझे हात चालूच होते.

त्या साथीत नवराबायको बरोबरच जायचे. सहा महिने मी प्रत्येक दाराच्या दोन्ही झडपांना भोकं पाडत होतो. एक झालं की गिरमिट उचलायचं, डावीकडे सरकायचं, दुसरं सुरू करायचं. हातांना तीच सवय लागली होती. माझं लक्ष ताईच्या बोलण्यात होतं.

ती बोलता बोलता थांबली, तेव्हा मी खाली पाहिलं.

ताईच्या झडपेत दोन बोटं खोल भोक पडलं होतं.

मला काय करावं ते सुचेना, म्हणून सवयीने वाकून मी भोकातली भुकटी फुंकली.

आणि आतून...

आतून कोणीतरी उलटं फुंकलं.

माझ्या ओठांवर गार हवा लागली. उन्हाने दगड हात लावू देत नव्हता आणि आतली हवा गार होती. तिला त्या काढ्याचा वास होता, जो आम्ही दाजींना शेवटचे तीन दिवस पाजत होतो.

दगड पलीकडून भरीव होता. मीच तो खाणीतून निवडून आणला होता.

"शिसं तापव," ग्लिकोनकाका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

ताई अम्मियाला उचलून घरी गेली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भोकात शिसं ओतलं. ते थंड होऊन घट्ट बसलं, वर हातोडीने ठोकून सपाट केलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते जागच्या जागी होतं. आम्ही जेवायला बसलो आणि मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

शिशाचा तुकडा दगडासमोर मातीत पडला होता.

मी तो उचलून उलटा केला. आतल्या टोकाला एक खळगा होता. अंगठ्याने मेण दाबल्यावर पडतो, तसा.

पुन्हा ओतलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा मी आत खाचा पाडून शिसं ओतलं, म्हणजे ते निघणारच नाही. त्या दुपारी मी आणि ग्लिकोनकाका जेवलो नाही. दगडासमोर बसून राहिलो.

झाडांवरचे किडे किर्र ओरडत होते. ते एकदम गप्प झाले.

शिसं हळूहळू बाहेर आलं आणि पडलं.

मग...

ठक... ठक ठक.

आतून.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, तुम्हीही ऐकलंत ना? ते उठून चालू लागले. त्या दिवसापासून मेलेल्या माणसाची चेष्टा त्यांनी कधी केली नाही.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो. सांगायची गरजच पडली नाही. ती चुलीपाशी बसली होती. तिनेच विचारलं, "दुपारचं माझ्याकडे कोण येतं रे?"

मी म्हणालो, कोणी नाही.

"मलाही ठाऊक आहे कोणी नाही. पण ठोकल्यावर मी उठते. सात वर्षांची सवय आहे. आज किल्ली कुलपात घातली होती, अम्मिया रडली म्हणून थांबले." तिने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "मी त्यांना कबूल केलंय, मैरो. तू होतास तिथे."

मी तिचे पाय धरले. माझ्या हाताने झालं म्हणालो. तिने माझ्या केसांतली दगडाची भुकटी झटकली, लहानपणी झटकायची तशी. म्हणाली, मुद्दाम केलंस का? मग रडतोस कशाला.

आम्ही दोघींना आमच्या घरी आणलं. दुसऱ्या दुपारी आमच्याच दारावर ठक... ठक ठक झालं. आफियाने दार उघडून पाहिलं. अंगणात ऊन होतं, बाकी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताई आपल्या घरी परत गेली. तुमच्या दाराला कशाला त्रास, म्हणाली.

दगड माझ्या अंगणातून हलवून रस्त्याकडेला दाजींच्या थडग्यावर उभा केला. वाटलं, गावाबाहेर गेला की थांबेल. थांबलं नाही. चंद्रदेव मेन याच्या पुजाऱ्याला विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, उघडलेलं बंद करायचं त्याच्या हातात नाही. ताई रोज थोडी वाळत चालली होती. भाकरी तोडून हातात धरायची आणि तशीच ठेवून द्यायची. दुपार झाली की तिचा हात कमरेच्या किल्लीवर जायचा.

शेवटी एकच उपाय उरला. ती कुलपाची पट्टीच तासून काढायची. भोक जेवढं खोल आहे त्याहून खोल. भोकच राहिलं नाही तर किल्ली कशात घालणार?

पण त्या दगडावर शाप होता. मीच कोरलेला.

मी आफियाशी बोललो. तिला शब्द पाठ होते, गावात सगळ्यांनाच असतात. अनाथ लेकरू, ओसाड घर. ती बराच वेळ हातातली लोकर कातायची चाती फिरवत राहिली. मग म्हणाली, "आपल्या घरात घेण्यासारखं आहे काय? लेकरू नाही. घर तर ओसाडच आहे. जा तुम्ही."

तिने हे कसं म्हटलं असेल, ते मला माहीत आहे. बारा वर्षं तिने ज्या गोष्टीसाठी देवाला नवस केले, ती गोष्ट नाही याचाच त्या दिवशी आम्ही आधार घेतला. आम्हाला वाटलं, शापाला आमच्याकडून काही मिळणार नाही. आम्ही हिशेबात हुशार निघालो, असं वाटलं.

रस्ता मोकळा असतो म्हणून मी दुपारीच गेलो. ग्लिकोनकाकांना ताईच्या दारावर बसवलं. बाहेरून दाराला पाठ लावून बसा आणि काहीही झालं तरी हलू नका, असं बजावून सांगितलं.

दगडापाशी पोचलो तेव्हा ठोकणं चालूच होतं.

ठक... ठक ठक.

मी छिन्नी लावली. पहिला घाव बसताच ठोकणं जोरात झालं. मी थांबलो नाही. पट्टी निघाली, भोकाच्या कडा निघाल्या. माझ्या हातोडीच्या आवाजात त्याचा आवाज मिसळून गेला, कोणता माझा आणि कोणता त्याचा तेही कळेना. शेवटचा थर निघाला. भोकाच्या जागी नुसता ओबडधोबड खड्डा राहिला. मी बोट घालून पाहिलं. सगळीकडून भरीव दगड.

ठोकणं थांबलं.

मी वाट पाहिली... काही नाही. झाडांवरचे किडे पुन्हा ओरडायला लागले. मी त्या दगडाला टेकून रडलो. आनंदानेच रडलो. आणि मग गावाकडे पळत सुटलो.

ताईचं दार सताड उघडं होतं.

ग्लिकोनकाका जमिनीवर बसले होते. ताईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"कोणी आलं नाही, मैरो," ते म्हणाले. "शपथ घेतो. बाहेरून कोणीच आलं नाही. माझी पाठ दाराला होती. माझ्या पाठीवर आतून ठोकलं."

एकदा. मग थांबून दोनदा.

मग कुलपात किल्ली फिरली आणि दार उघडलं, काका मागे पडले. ताई उंबऱ्यात उभी होती. तिने काकांकडे पाहिलंच नाही. बाजूला बघत होती, कोणी बरोबर चालत असेल तर बघतो तसं. उंबरा ओलांडून ती चार पावलं चालली आणि खाली बसली, ती उठलीच नाही. बस, एवढंच.

तिच्या कमरेला किल्ली नव्हती. हातात नव्हती. कुलपातही नव्हती. सगळं घर, सगळं अंगण शोधलं.

अम्मिया आत चुलीपाशी बसली होती. रडत नव्हती. मी तिला उचललं. तिने आपण होऊनच सांगितलं. "मामा, बाबा आत होते. त्यांना बाहेर जायचं होतं. आईने उघडलं."

मी तिला घेऊन दाराकडे वळलो.

"बाबा म्हणाले, हिलाही घे. आई म्हणाली, अम्मियाला नको."

तेव्हा मी थांबलो आणि विचारलं. "मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं. मोठी होऊ दे."

तीन वर्षांच्या पोरीला असलं बोलणं रचता येत नाही.

तेव्हा मला आठवलं, अंत्ययात्रेच्या दिवशी वडीलधाऱ्यांनी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. ही कोणाच्या घरची? माझ्या घरची. सगळ्यांसमोर म्हणालो होतो. शापाने बरोबर माझंच घर गाठलं. अनाथ लेकरू माझ्या कडेवर होतं आणि ओसाड घर माझ्या मागे उघडं पडलं होतं. माझं घर कुठपर्यंत आहे, ते फक्त मलाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईला ठेवायला थडगं उघडलं. रीतीप्रमाणे तिच्या झडपेला भोक पाडायचं होतं. मी गिरमिट घेऊन गेलो.

गरज नव्हती.

मी तासून काढलेल्या खड्ड्याच्या मधोमध ताईची किल्ली होती. मुठीपर्यंत दगडात गेलेली. भोक नव्हतं, फट नव्हती, केसभरही जागा नव्हती. किल्लीच्या चारही बाजूंनी सलग संगमरवर. गावातल्या चौघांनी ओढून पाहिली. हलली नाही. तशीच ठेवून आम्ही ताईला आत ठेवलं.

ग्लिकोनकाका त्याच हिवाळ्यात गेले. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्या दगडावर दार कोरू नकोस, नुसती सपाट फरशी ठेव. मी तसंच केलं.

याला आता चार वर्षं झाली.

अम्मिया आमच्याकडे असते. आफियाला आई म्हणते. आफिया तिचे केस विंचरताना गाणी गुणगुणते, जी मी लग्नानंतर कधी ऐकली नव्हती. पोर अभ्यासू आहे, मी कोरलेली अक्षरं वाचून दाखवते. उंचीला ताईवर गेली आहे. लोक म्हणतात, किती भराभर वाढतेय. आफिया खूश होते.

मला भीती वाटते.

कारण किल्ली वळतेय.

पहिल्या वर्षी ती सरळ उभी होती. मला वाटलं, भास आहे. म्हणून मी मुठीच्या टोकासमोर दगडावर कोळशाने खूण केली. पावसात खूण पुसते, मी पुन्हा करतो. दर वर्षी किल्ली खुणेच्या बोटभर पुढे गेलेली असते. कुलूप उघडण्याच्या बाजूला. पूर्ण वळायला किती वर्षं लागतील, ते मी मोजलं आहे. अम्मिया तेव्हा पंधरा वर्षांची असेल. आमच्याकडे मुलींची लग्नं त्याच वयात होतात.

तुम्ही म्हणाल, दगड फोडून टाक. किल्ली कापून काढ. काहीतरी कर.

मीही रोज तेच म्हणतो. छिन्नी घेऊन दोनदा तिथपर्यंत गेलो. पण शाप अजून त्या दगडावर तसाच आहे, एक अक्षर झिजलेलं नाही. मी चांगलं खोल कोरतो. मागच्या वेळी हात टाकला तेव्हा आमच्या घरात घेण्यासारखं काही नाही असं आम्ही समजलो होतो.

आता आहे.

हात टाकला तरी अम्मिया जाणार आणि नाही टाकला तरी किल्ली वळणार. आफियाला मी हे सांगितलेलं नाही. तिला अजून आठ वर्षं गाणी गुणगुणता येतील, तेवढी गुणगुणू दे.

आमच्या घराची किल्ली मी माझ्याच कमरेला ठेवतो. काल अम्मियाने जेवताना विचारलं, मामा, मोठी झाले की किल्ली मला द्याल ना? सगळ्याच मुली विचारतात. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

मग ती बोटाने पाटावर वाजवायला लागली. एकदा. थांबून दोनदा. मी तिचा हात धरला. तिने चमकून पाहिलं. आपण काय वाजवत होतो, ते तिला ठाऊकच नव्हतं.

दगडांवर शेवटी वाटसरूला 'सुखाने जा' म्हणायची पद्धत आहे. तुम्ही सुखाने जा. वाटेत डाव्या हाताला ते दार लागेल, मुठीपर्यंत किल्ली रुतलेलं. वाचू नका. तिथे मोठ्याने काही वाचू नका.

मला आता घरी जायला हवं. सावली पायाखाली यायला लागली आहे आणि या वेळेला अम्मिया दाराशी जाऊन बसते.